नागफणीवरचं ड्यूकचं नाक

खोपोलीतून घाटमाथ्याकडे मान वर करून पाहिलं की एक सुळका नजरेत भरतो. काळा, किंचित पुढे झुकलेला, वरून रुंद. खालच्या माणसांनी त्याला नागफणी म्हटलं. फणा काढून कोकणाकडे बघत बसलेला नाग त्यात दिसायला कुणी दाखवून द्यावं लागत नाही. हाच सुळका खंडाळ्याच्या बाजूने पाहणाऱ्या इंग्रजांना मात्र एका माणसाच्या नाकासारखा वाटला. तो माणूस म्हणजे आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचं बाकदार नाक व्यंगचित्रकारांच्या फार आवडीचं होतं. म्हणून सुळका झाला ‘ड्यूक्स नोज’.

गंमत अशी, की हे नाक आयरिश आहे. वेलस्ली 1769 मध्ये डब्लिनला जन्मला आणि त्याच्या घराण्याची जहागीर मीथ परगण्यात होती. पुढे 1803 मध्ये तो दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवायला पुण्यात आला आणि त्याच वर्षी असईला त्याने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. अशा माणसाचं नाक सह्याद्रीच्या कड्यावर चिकटलं, आणि मराठी नागाने ते दोनशे वर्षांत काही झटकून टाकलेलं नाही. आजही गिर्यारोहक दोन्ही नावं सर्रास वापरतात. एकाच दगडात एकाला देव दिसला, दुसऱ्याला सेनापती.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली नावं अशी उलगडत गेलं की एक गोष्ट वारंवार जाणवते. नाव त्या जागेबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच ते ठेवणारा कुठे उभा होता हेही सांगतं. तो पायथ्याशी होता की माथ्यावर, वाटेवर होता की पाण्यात, घोड्यावर होता की अनवाणी, हे सगळं नावात उरतं.

माथेरानच घ्या. माथ्यावरचं रान म्हणजे माथेरान, ही फोड सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मातेचं रान’ असंही काही जण सांगतात. पहिली फोड खरी मानली, तर हे नाव वर राहणाऱ्याचं असू शकत नाही. वर राहणाऱ्याला ते नुसतं रान. ‘माथ्यावरचं’ असं म्हणायला खाली, नेरळच्या किंवा चौकच्या शेतात उभं राहून वर बघावं लागतं. मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढला आणि त्याने माथेरान ‘शोधलं’, असं पर्यटनाची पुस्तकं लिहितात. रानात ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होते आणि डोंगराला नावही होतं. पण शोध लागला तो साहेब दमून वर पोचला तेव्हा!

मॅलेटनंतर मुंबईचे गोरे अधिकारी आणि पारशी शेटजी वर बंगले बांधू लागले, आणि नावांची दिशाच उलटली. ही मंडळी माथ्यावर उभी राहून बाहेर बघत होती. म्हणून माथेरानचे पॉइंट पाहा : पॅनोरमा, इको, लँडस्केप. सगळी नावं पाहणाऱ्याच्या करमणुकीची. चौक पॉइंट, मलंग पॉइंट, खंडाळा पॉइंट ही नावं तर त्या जागांचीही नाहीत, तिथून दूरवर जे दिसतं त्याची आहेत. लुइझा, शार्लट, अलेक्झांडर ही माणसांची नावं. मधूनच ‘वन ट्री हिल’सारखं प्रामाणिक वर्णन येतं : टेकडी, आणि तिच्यावर झाड एक. याच डोंगरावर शार्लट लेकच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे. तो माथेरानचा ग्रामदेव. तळ्याला बाईसाहेबांचं नाव आणि काठावर शेंदूर लावलेला पिसरनाथ, असा संसार दीडशेहून जास्त वर्षं बिनभांडणाचा चालला आहे. नेरळहून वर येणारी छोटी गाडी 1907 मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने सुरू केली. तिच्या वाटेवर एका स्टेशनाचं नाव चक्क ‘वॉटर पाइप’ आहे. रुक्ष नावांची स्पर्धा लागली तर पहिलं बक्षीस यालाच द्यावं.

खालून बघणाऱ्यांची नावं डोंगराला शरीर देतात. माथा, कडा, खिंड हे शब्द तर शहरी माणसालाही माहीत आहेत. त्यापुढचे ऐका. डोंगर चढताना मध्येच जी सपाट पायरी लागते तो पदर. हत्तीच्या सोंडेसारखी उतरत जाते ती सोंड. कातळाला आरपार भोक असेल तर ते नेढं, म्हणजे सुईचं असतं तेच. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन जुन्या वाटा आहेत, एक गणेश घाट आणि दुसरी शिडी घाट. पहिलीवर गणपतीचं देऊळ आहे आणि दुसरीवर शिड्या, त्यामुळे कोणती धरायची हे नावावरूनच कळतं. त्या वाटांच्या शेजारचा किल्ला पदरगड. पलीकडे कोथळीगड आहे. त्याच्या सुळक्याच्या पोटातून दगडी जिना खोदत वर नेलेला आहे. पण आसपासच्या गावांना विचाराल तर तो ‘पेठचा किल्ला’. कारण त्याच्या कमरेवर पेठ नावाचं गाव आहे. आज तिथे बाजार भरत नाही, दुकानांची रांग नाही, तरी नाव पेठच. ज्या काळी घाटवाटांनी मालाची ये-जा होती आणि या डोंगरात उतरायला, विकायला, जकात द्यायला माणसं थांबत, त्या काळाची ती खूण वाटते.

इर्शाळगडाच्या सुळक्यालाही नेढं आहे. त्याच्या पदरात इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि ती वाडी गाडली गेली. वाचलेल्यांना डोंगराखाली आणावं लागलं. सुळका अजून उभा आहे. त्याचं नाव घेऊन जगणारी वाडी त्या जागी आता नाही.

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. हे नाव ना खालून ठेवलेलं ना वरून. ते खिंडीच्या आत चालणाऱ्याचं आहे, कारण दोन्ही बाजूंना डोंगर आले की दिसतं ते समोरचं झाड. फेब्रुवारी 1661 मध्ये शायिस्ताखानाने कोकणात उतरायला कारतलबखानाला धाडलं. लोहगडाजवळून येणारी त्याची फौज नागफणीच्या बगलेतल्या कुरवंडे घाटाने खाली आली आणि या अरुंद जागेत सापडली. पुढे वाट अडलेली, मागे वाट अडलेली आणि दोन्ही अंगांच्या झाडीत शिवाजी महाराजांची माणसं. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे आणि तिथलं रान तुंगारण्य म्हणून येतं. खानाबरोबर माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती. तिने शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला, खंडणी भरली आणि जीव घेऊन परत गेला. संस्कृत कवीने अरण्याला भारदस्त नाव दिलं. गावकऱ्यांनी झाड पाहिलं आणि उंबर म्हटलं. तुंगारण्य आता पुस्तकात सापडतं, उंबरखिंड मात्र पाटीवर आणि तोंडी दोन्हीकडे आहे.

जवळच्याच बोरघाटात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, शिंग्रोबाचं देऊळ आहे. जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून नाणं टाकतात. काही जण नुसता हात जोडून पुढे जातात. कथा अशी : साहेबांना घाटातून वर जायची वाट सापडेना. इंजिनियर दमले. तेव्हा तिथे गुरं चारणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांची वाट दाखवली. साहेब खूश झाला आणि ‘काय हवं ते माग’ म्हणाला. शिंग्रोबा म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. साहेबाने गोळी घातली. कुणी सांगतं की मागणं ऐकून राग आला म्हणून मारलं. कुणी सांगतं की वाटेचं श्रेय दुसऱ्याला जाऊ नये म्हणून.

कथेतला तांत्रिक भाग अगदी पक्का आहे. ओझ्याची जनावरं आणि चरणारी गुरं सरळ चढ कधी घेत नाहीत. ती उतार वाटून घेत तिरकी जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेषेवर चालतात. रेल्वेलाही नेमकी तशीच रेषा लागते. बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. एवढ्या उतरंडीवर रूळ बसवायला डोंगर ओळखणारा माणूस लागतो. जेम्स बर्कली हा जीआयपी रेल्वेचा मुख्य अभियंता होता. खोपोलीपर्यंत रूळ 1856 मध्येच आले होते. तिथे गाडी संपायची आणि प्रवासी पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचे. घाट फोडण्याचं काम घेतलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये मुंबईत पाऊल टाकल्यावर काही आठवड्यांतच मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. दोन अनुभवी माणसं हाताशी घेऊन तिने काम पुरं करवलं. बोगदे फोडता फोडता पटकी आणि तापाने मजूर मोठ्या संख्येने मेले. एप्रिल 1863 मध्ये घाट खुला झाला आणि खोपोली मुख्य मार्गावरून बाजूला पडली. ती अजून बाजूलाच आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी असं करत जाणारा तो फाटा म्हणजे एके काळचा मुख्य रस्ता.

रेल्वेच्या दप्तरात बर्कली आहे, ट्रेडवेल आहे. मजुरांची नावं नाहीत. शिंग्रोबाचं नाव ठेवलं ते वाटेवर चालणाऱ्यांनी. आणि आता खरं आश्चर्य. केरळात वायनाडकडे चढणाऱ्या तामरशेरी घाटात हीच कथा आहे. तिथल्या आदिवासी तरुणाचं नाव करिंतंडन. त्याने इंग्रज इंजिनियरला वाट दाखवली, इंजिनियरने त्याला मारलं, मग त्याचा आत्मा प्रवाशांना त्रास देऊ लागला आणि शेवटी त्याला साखळीने झाडाला जखडलं. लक्किडीला ते साखळीचं झाड आजही दाखवतात. बोरघाटातल्या धनगराने वायनाडच्या आदिवासीला निरोप पाठवला नव्हता. घाट दोन, भाषा दोन, पण हिशेब एकच : ज्याचं ज्ञान घेतलं त्याचं नाव मोजणीत धरलं नाही. मला वाटतं, इतक्या दूरच्या दोन लोककथा एकमेकींशी इतक्या जुळतात तेव्हा त्या एका माणसाच्या खुनापेक्षा मोठ्या गोष्टीबद्दल साक्ष देत असतात.

आता पाण्याकडे. खोपोलीहून निघणारी नदी पाताळगंगा. गंगा स्वर्गातून येते, ही पाताळातून. नाव जुनं आहे, एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरमध्येही ते आहे. पण विसाव्या शतकात एक विलक्षण गोष्ट घडली. सह्याद्रीच्या कोकण बाजूच्या नद्या आखूड. पावसाळ्यात दांडगाई करतात आणि फाल्गुन आला की दगड उघडे पडतात. माथ्यावर, हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस मात्र उलट्या दिशेला जातो. कुरवंड्याला इंद्रायणी उगम पावते. तिचं पाणी भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. टाटांच्या जलविद्युत योजनेने हे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे अडवलं, नळांत घातलं आणि पाचशे मीटरहून खाली खोपोलीत सोडलं. 1915 मध्ये तिथे वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. जनित्रं फिरवून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेत गेलं. पूर्वेला निघालेलं पाणी डोंगराच्या कुशीतून पश्चिमेला, धरमतरच्या खाडीत आलं. नदी बारमाही झाली आणि तिचं नाव जणू काही शतकं आधी कळल्यासारखं खरं ठरलं.

कर्जतची पेज नदीही अशीच. 1922 मध्ये भिवपुरीला दुसरं वीजघर आलं. आंध्रा नदीवर ठोकरवाडीला अडवलेलं मावळचं पाणी तिथून पेजेत उतरतं आणि उल्हासला मिळून वसईच्या खाडीकडे जातं. पेज म्हणजे भाताची पातळ कांजी, कष्टकऱ्याची न्याहारी. उन्हाळ्यात वाहणाऱ्या या नदीवर तिच्या काठची गावं दुबार भात काढतात.

इंद्रायणीचं नाव आलं की देहू आठवतं, आणि देहूवरून एका कथेकडे जायलाच हवं. खोपोलीजवळ ताकई-साजगावला विठोबाचं देऊळ आहे. कार्तिकी एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही त्यांची ती धाकटी पंढरी. पण लोक देवाला म्हणतात बोंबल्या विठोबा! सांगणारे सांगतात, तुकाराम महाराज घाट उतरून इथे मिरच्या विकायला यायचे. लोकांनी माल उधारीवर घेतला आणि पैसे बुडवले. साध्या भोळ्या वाण्याने बोंब मारली, विठोबा धावून आला. दुसरं स्पष्टीकरण जास्त वासाचं आहे. या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो आणि त्यात बोंबील असणारच. एकादशीचा देव आणि बोंबलाचे ढीग! घाटावरच्या कर्मठ वारकऱ्याला हे झेपणार नाही. पण जागा बघा : वरून मिरची उतरते, खालून खाडीची मासळी चढते आणि दोघींची गाठ घाटाच्या पायथ्याशी पडते. देऊळ नेमकं तिथे आहे. बोंब खरी की बोंबील खरा, हा वाद मिटवायची गरज नाही. दोन्ही कथा एकच सांगतात, की हा बाजाराचा विठोबा आहे.

बाजारातून पुन्हा रानात जायचं तर सांडशीहून ढाकच्या बहिरीकडे. कड्याच्या पोटात गुहा, शेवटचा टप्पा कातळात कोरलेल्या खोबणीत पाय रोवून चढायचा. बहिरी हा ठाकरांचा मोठा देव. गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि देवाची भांडी तिथेच ठेवलेली असतात. येणाऱ्याने ती घ्यावीत, स्वयंपाक करावा, घासून परत ठेवावीत. पळवली तर बहिरी खाली उतरू देत नाही, अशी श्रद्धा आहे. उतरायचा कडा पाहिल्यावर चोरीचा विचार नास्तिकालाही सुचू नये.

ठाकरांवरून नकाशातली एक खोड सांगतो. या दोन तालुक्यांच्या नकाशावर बोट ठेवाल तिथे ठाकूरवाडी सापडते. घाटातल्या रेल्वेच्या ठाण्याचं नावही ठाकूरवाडी. कातकरवाड्याही तशाच. ही नावं आतल्यांनी ठेवलेली नाहीत हे उघड आहे. स्वतःच्या वस्तीला कुणी जमातीच्या नावाने हाक मारत नाही. मोजणी करणारा आला, ‘इथे कोण राहतं?’ एवढंच विचारलं आणि उत्तर कागदावर उतरवलं. वाडीत शिरून विचारलं तर माळाला, झऱ्याला, वळणाला वेगवेगळी नावं निघतात. ती नकाशावर पोचली नाहीत.

नवी नावं मात्र रोज पोचत आहेत. खोपोलीत एक देखणा धबधबा आहे. त्याला आज सगळे झेनिथ धबधबा म्हणतात, कारण शेजारी त्या नावाचा लोखंडी नळांचा कारखाना. मला या नावाचा राग येत नाही. पाळी संपवून पाण्याखाली जाऊन उभ्या राहणाऱ्या कामगाराने ते ठेवलं असेल, तर तेही वाटेवरचंच नाव. राग येतो तो जमिनीचे तुकडे पाडून विकताना फाटकावर चढवलेल्या इटालियन आणि स्पॅनिश नावांचा. ती ठेवणारा इथे कधी उभाच नव्हता.

बाहेरच्यांनी नावं कागदावर चढवण्याचा हा खेळ ड्यूकच्या आयर्लंडमध्येही झाला. 1824 मध्ये इंग्रजांनी तिथे जमिनीची मोजणी सुरू केली आणि आयरिश गावनावं इंग्रजी वळणाने नकाशावर गेली. जॉन ओ’डोनोव्हन नावाचा विद्वान त्या मोजणीसाठी परगणे फिरून म्हाताऱ्यांकडून मूळ उच्चार आणि कथा गोळा करत होता, म्हणून निदान नोंद तरी राहिली. पुढे स्वतंत्र आयर्लंडने 1937 ते 1939 या काळात साधा उपाय केला. सुमारे 5 हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरी जा, आजीआजोबांना विचारा : शेतांची नावं काय, विहिरीची कथा काय, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही. सुमारे 50 हजार मुलांनी ते लिहून आणलं. आज तो देशाचा ठेवा आहे.

आपल्याकडे यासाठी नवी योजनाही नको. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक जागा आधीपासून छापलेली आहे. बहुतेक उताऱ्यांवर ती कोरी असते. कर्जत-खालापुरात तुमची जमीन असेल, सासर-माहेर असेल, किंवा तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही शिकवत असाल, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला या सुट्टीत त्या कोऱ्या जागेत काय लिहायचं ते विचारा आणि वहीत उतरवून ठेवा.